एका दिवसात काय पाहता येईल?

‘आमच्या हाती एकच दिवस आहे. एका दिवसात काय काय पाहता येईल?’ हा प्रश्न मी अकरा वर्षे ऐकला. विचारणारे चेहरे रोज बदलत, भाषा बदलत, प्रश्न मात्र तोच असे. आणि माझे उत्तरही तेच असे.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण दिवसभराची नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून रात्री ही पुस्तिका उघडत असाल. मीही अशाच रात्रींतून पदवीपर्यंत आले. त्या काळात मी चिकलठाण्याच्या विमानतळाजवळील एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करीत होते. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर विमानतळ. त्याच्या आसपास कारखाने, गोदामे आणि आमच्यासारखी काही हॉटेले. पाहुण्यांचे सरळ दोन प्रकार असत. एक, कारखान्यांच्या कामासाठी येणारे. ते काही विचारीत नसत. दुसरे, लेणी पाहायला येणारे. त्यांच्या हातातील बॅग खाली टेकण्यापूर्वीच वरचा प्रश्न येई.

उत्तर देण्यासाठी माझ्यापुढे काचेखाली एक टंकलिखित कागद ठेवलेला होता. बीबी का मकबरा, पाऊण तास. पाणचक्की, अर्धा तास. दौलताबाद किल्ला, एक तास. वेरूळ, तीन तास. अजिंठा, पूर्ण दिवस. त्याखाली एक सूचना : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हा कागद मी तयार केलेला नव्हता. माझ्या आधी त्या खुर्चीवर जी व्यक्ती होती, तिच्याकडून तो माझ्याकडे आला आणि तिच्याकडे आणखी कुणाकडून आला असावा. लहानपणी पाढे पाठ केले, तसा मी तो पाठ केला. पाहुणे समाधानाने मान हलवीत, टॅक्सी निघून जाई आणि मी पुढच्या नोंदीकडे वळे.

त्या कागदावरील पाच स्थळांपैकी मी स्वतः एकही नीट पाहिलेले नव्हते, हे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शाळेच्या सहलीत मकबऱ्याच्या हिरवळीवर डबा खाल्ला होता, एवढीच काय ती माझी पुंजी. फुलंब्री तालुक्यातील आमच्या गावावरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या रोज धावत. त्या धुरळ्यात आम्ही वाढलो. पण त्या गाड्या जिथे जातात तिथे आपणही जावे, असे घरात कुणाला सुचले नाही. पाहणे हे पाहुण्यांचे काम आणि राबणे हे आपले, अशी ती न बोललेली वाटणी होती.

२००९ सालच्या हिवाळ्यातील एका सोमवारी सकाळच्या विमानाने एक वृद्ध दांपत्य आले. दूर पूर्वेकडील एका शहरातून, मुंबईमार्गे. ते निवृत्त कारकून, त्या निवृत्त चित्रकला-शिक्षिका. मंगळवारी संध्याकाळी त्यांना परतायचे होते. बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, पण त्याला एक पुस्ती जोडली : ‘बाकी काही राहिले तरी चालेल. मला कैलास पाहायचा आहे. तीस वर्षे मुलांना त्याचे चित्र फळ्यावर काढून दाखवले.’

मी कागद वाचला. सोमवार असल्याने अजिंठा बाद. वेरूळला आजच जायला हवे, कारण उद्या ते बंद. वेरूळच्या रस्त्यावरच दौलताबाद लागते. ‘किल्ला आधी करा,’ मी म्हणाले, ‘एका तासात होतो. मग जेवून वेरूळ.’ रस्त्याच्या क्रमाने सांगितले, म्हणजे चोख सांगितले असे मला वाटले.

ते चार वाजता परत आले. टॅक्सीचालकाने बाईंना आधार देऊन आत आणले. किल्ल्याची वाट चढणीची आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. एका तासात होतो म्हटल्यावर चढण थोडीच असणार, असे त्यांनी धरले. यजमान पुढे निघाले, एकटे थांबणे नको म्हणून बाईही निघाल्या. गडाच्या पोटातून वर जाणारा जो बोगद्यासारखा काळोखा मार्ग आहे, ज्याला अंधारी म्हणतात, तिथे त्यांचा पाय मुरगळला. मग खाली येण्यातच दुपार गेली. गुडघा सुजला होता. वेरूळ झाले नाही.

दुसरा दिवस मंगळवार होता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. निघताना त्या माझ्यासमोर खुर्चीवर टेकल्या आणि हिंदीत म्हणाल्या, ‘बेटी, तुम वहाँ कब गयी थी?’ मी उत्तर दिले, ‘शाळेत असताना.’ त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. तीस वर्षे वर्गात काढलेल्या बाईंना खोटे उत्तर ओळखता येत नसेल, असे मानण्याइतकी मी भोळी नव्हते. त्यांनी फक्त मान हलवली आणि काठी मागितली.

मी त्या बुधवारी रजा घेतली आणि एकटीच किल्ल्यावर गेले.

मध्यवर्ती बसस्थानकातून एस.टी. निघाली. छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडले आणि मग मोकळ्या माळावर तो डोंगर दिसला. डोंगर कसला, कुणीतरी कडेने तासून काढलेला सुळकाच. यादवांच्या काळातील देवगिरी ती हीच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी येथे आली, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून तिला दौलताबाद म्हटले. या सनावळ्या मी शाळेत लिहून गुण मिळवले होते. पण सुमारे दोनशे मीटर उंचीच्या त्या खडकाचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा छिलून काढलेला आहे, त्याभोवती खडकातच खंदक खोदलेला आहे आणि म्हणून हा गड तटांपेक्षा खडकाच्या बळावर उभा आहे, हे मला त्या दिवशी मान वर करून पाहताना कळले.

मी वही काढली. टेबलावरून येताना एक दोनशे पानी वही मी सोबत घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिले : ‘दरवाजापासून हत्ती हौद आणि भारतमातेच्या मंदिरापर्यंतची वाट जवळजवळ सपाट. वयस्कांना जमेल. बसायला ओटे, सावली. चांदमिनार इथूनच पूर्ण दिसतो. चिनी महालापर्यंत चढ आणि पायऱ्या, हळूहळू जमेल. मेंढा तोफेपाशी थांबावे. खंदकावरचा पूल ओलांडला, की पुढे अंधारी. ओबडधोबड, वळणाच्या पायऱ्या, वटवाघळांचा उग्र वास, हाताला ओल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पूल ओलांडू नये. पुढे बारादरीपर्यंत शेकडो पायऱ्या.’

हे सारे लिहायला मला कुठलेही पांडित्य लागले नाही. फक्त तिथे असावे लागले. वर पोहोचायला आणि परत यायला मला, तेहतीस वर्षांच्या धडधाकट बाईला, साडेतीन तास लागले. कागदावरचा एक तास कुणाचा होता, ते मला आजतागायत कळलेले नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवले की, पुढच्या सुटीला वेरूळ. आणि मायला घेऊन जायचे.

मायबद्दल थोडे सांगायला हवे. श्रावणात घृष्णेश्वराला जाण्याचा तिचा नेम होता. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या मंदिरापासून लेणी हाकेच्या अंतरावर आहेत. माय पंधरा-वीस वेळा तरी घृष्णेश्वराच्या रांगेत उभी राहिली असेल. लेण्यांच्या फाटकातून आत मात्र कधी गेली नव्हती. ‘तिथं तिकीट असतं,’ एवढे तिचे कारण होते. आता गुडघ्यांमुळे श्रावणातली वारीही थांबली होती. माझ्या प्रस्तावाला तिने विरोध केला नाही. फक्त भाकरी बांधून घेतली.

वेरूळची लेणी चौतीस. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. एकाच डोंगराच्या कुशीत, काही शतकांच्या अंतराने खोदलेली. ही माहिती पाहुण्यांना मी न अडखळता देत असे. मायला मी ती सांगू लागले, तेव्हा तिने हातानेच थांबवले. आम्ही सोळाव्या लेण्याच्या, म्हणजे कैलासाच्या, प्रवेशद्वारातून आत आलो होतो.

ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. समोर दगडी हत्ती, उंच ध्वजस्तंभ, मागे मंदिराचे शिखर. आणि तिन्ही बाजूंनी डोंगराचे उभे कापलेले कडे. बराच वेळ ती शिखराकडे नव्हे, तर त्या कड्यांकडे पाहत होती. मग मंदिराच्या जोत्याजवळ गेली, वाकून पाहिले आणि म्हणाली, ‘ह्याला जोड कुठं हाय?’

‘जोड नाही, माय. सगळा एकच दगड. हा डोंगरच होता. वरून खाली कोरत आणलाय.’

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झाले, सुमारे शंभर फूट खोल डोंगर उतरवून अंगण मोकळे केले आणि त्यासाठी अंदाजे दोन लाख टन दगड बाहेर काढावा लागला असे सांगतात, असे मी तिला सांगितले. टनाचा हिशेब तिला कळला नसावा. ‘बाहेर काढलेला दगड’ मात्र कळला. ती कडेच्या भिंतीपाशी गेली आणि जिथे छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसतात तिथे तिने तळवा टेकवला.

१९७२ च्या दुष्काळात माय सतरा वर्षांची होती. त्या साली मराठवाड्यातील हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढीत होती. माय त्यांपैकी एक. लग्नाच्या आधीचे वर्ष तिने रस्त्याच्या कडेला हातोडा घेऊन काढले होते. हे आम्हाला माहीत होते, पण जसे घरातले जुने भांडे माहीत असते तसे. त्याकडे थांबून कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी कैलासाच्या अंगणात ती प्रथमच त्याविषयी बोलली.

‘काळा दगड लई हट्टी,’ ती म्हणाली. ‘त्याला शीर असती. शीर घावली तर एका घावात फुटतो. नाही घावली तर हातोडा उलटा येतो, हाताला झिणझिण्या. पहिल्या महिन्यात माझ्या तळहाताची सालं निघाली. बरोबरची म्हातारी सांगायची, दगडाला मारू नको, आधी त्याला बघ.’

मग ती हत्तींकडे वळली. मंदिराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. जणू सगळे मंदिर त्यांनीच पाठीवर तोलून धरले आहे. ‘आम्ही ह्या दगडाची खडी केली,’ माय म्हणाली, ‘ह्यांनी हत्ती केले.’ तिच्या स्वरात खंत नव्हती. दोन कारागिरांच्या कामाची तुलना करावी, तसे ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मी आजवर विसरलेले नाही. ‘पण वरून खाली कोरायचं म्हंजे... चुकलं तर?’

मी गप्प राहिले. भिंत बांधताना वीट वाकडी बसली तर काढता येते. इथे उडालेला टवका परत लावता येत नाही. मायनेच स्वतःशी उत्तर जुळवले : ‘चुकलं असंल तिथं दुसरं काही कोरलं असंल. दगड टाकून देता येत नाही ना.’

तिचे हे अनुमान कितपत बरोबर, ते पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी सांगावे. मला मात्र त्या क्षणी स्वागतकक्षातील त्या खुर्चीवर टेकलेल्या, सुजलेल्या गुडघ्याच्या बाई दिसल्या. माझी चूक दुरुस्त होण्यासारखी नव्हती. त्यांचा कैलास राहिला तो राहिलाच. पण दगड टाकून देता येत नव्हता.

आम्ही दहाव्या लेण्यातही गेलो. त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. आतले छत कमानीसारखे आणि त्याला दगडातच कोरलेल्या फासळ्या. लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल. हे वासे कसलाही भार पेलत नाहीत. लाकडाच्या घरांची सवय असलेल्या डोळ्यांना घर घरासारखे दिसावे, म्हणून ते कोरलेले. माय त्या छताखाली बसून भाकरीचे फडके सोडणार होती. पहारेकऱ्याने नम्रपणे बाहेरचे झाड दाखवले. त्या झाडाखाली मी वहीत लिहिले : ‘लेण्यांचे तोंड पश्चिमेला. सकाळी अंगणात सावली व गारवा. कोरीव काम मात्र अंधारात. दुपार कलल्यावर ऊन आत शिरते आणि मूर्ती उजळतात. वयस्कांनी उन्हाळ्यात सकाळी यावे. ज्यांना शिल्पच पाहायचे आहे त्यांनी दुपारनंतर.’

हे लिहिताना माझ्या लक्षात आले की, त्या दांपत्याला सांगितलेला क्रम चुकीचा नव्हता. सकाळी किल्ला आणि दुपारी वेरूळ, हे उन्हाच्या दृष्टीने योग्यच होते. चुकले होते ते माप. मी अंतर मोजले होते, पायऱ्या मोजल्या नव्हत्या; वेळ मोजला होता, विचारणारीचे वय मोजले नव्हते. आणि ‘मला कैलास पाहायचा आहे’ हे वाक्य तर मी ऐकलेच नव्हते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्या सुट्या त्या वहीच्या झाल्या. मकबऱ्याला मी पाहुण्यांजवळ ‘दख्खनचा ताज’ म्हणत असे. स्वतः गेल्यावर ही उपमा मला अडचणीची वाटू लागली. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर, सतराव्या शतकातील. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या निर्मात्यांची नावे आहेत. ताजमहालाची आठवण ठेवून गेलात, तर इथे जे नाही तेच दिसते : संगमरवर खालच्या भागात आणि घुमटावर, मधल्या भिंतींवर चुन्याचा गिलावा. आठवण बाजूला ठेवलीत, तर त्या गिलाव्यातील नक्षी किती नाजूक आहे ते दिसते. आणि आत, वरच्या सज्जातून वाकून पाहिले असता, जाळ्यांतून झिरपलेल्या उजेडात खाली कबर दिसते. उपमा कधी कधी वस्तू दाखवत नाही, झाकते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला मला मकबऱ्याइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही.

पाणचक्की हे माझे आवडते ठिकाण झाले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. काही किलोमीटरवरील झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणून उंचावरून हौदात सोडले आहे; त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि यात्रेकरू व फकिरांसाठी पीठ दळले जाई. हौदाखाली एक दालन आहे, तिथे भर मे महिन्यात गारवा असतो. माय तिथे तासभर बसली. ‘बिनहाताचं जातं’ एवढाच तिचा अभिप्राय. आयुष्यभर पहाटे जाते ओढलेल्या बाईच्या तोंडचा तो उद्गार होता, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मकबऱ्यामागच्या टेकडीवरील औरंगाबाद लेण्यांकडे सहसा कुणी फिरकत नाही. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या भक्तांच्या मूर्ती आहेत. अगदी माणसांच्या उंचीच्या, माणसांच्या चेहऱ्यांच्या. अजिंठ्याला मी शेवटी गेले. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहिला, पण अर्धवट सोडलेल्या चोविसाव्या लेण्यात जास्त वेळ रेंगाळले. काम कसे होत गेले असेल ते पुऱ्या झालेल्या लेण्यांपेक्षा तिथे अधिक कळते.

वही भरली. काचेखालचा जुना कागद मी काढून टाकला. नवा कागद ठेवला नाही. त्याऐवजी पाहुण्यांना तीन प्रश्न विचारू लागले : वेळ किती आहे? बरोबर कोण आहे? आणि कशाची ओढ आहे? ‘एका दिवसात काय पाहता येईल?’ या प्रश्नाचे उत्तर या तीन प्रश्नांवाचून देता येत नाही. कुणाला मी दिवसभर फक्त वेरूळ सांगितले. कुणाला किल्ला पुलापर्यंतच. विमानाला चारच तास असलेल्या एका आईला आणि तिच्या लहान मुलाला केवळ पाणचक्की.

पण त्या बाईंचे काय? वेरूळहून परतल्यावर आठवडाभरात मी व्यवस्थापकांची परवानगी घेतली आणि नोंदवहीतील पत्त्यावर त्यांना पत्र लिहिले. आधी मराठीत कच्चा मजकूर केला, मग जमेल तशा हिंदीत उतरवला. पहिल्याच ओळीत लिहिले की, मी शाळेत असताना तिथे गेले नव्हते. तुम्ही गेल्यानंतर गेले. मग त्यांना कैलास सांगितला : अंगण, ध्वजस्तंभ, छिन्नीचे घाव, मायचे बोलणे, हत्तींची रांग. चार पाने झाली. परीक्षेखेरीज मी एवढे सलग कधी लिहिले नव्हते.

दोन महिन्यांनी एक जाड लिफाफा आला. पत्र त्यात नव्हते. एक पेन्सिलचित्र होते : माझ्या वर्णनावरून काढलेले कैलासाचे जोते. खडकाचा पोत असा की बोट लावून पाहावे. एका कोपऱ्यात भिंतीला तळवा टेकवून उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई, माझी माय. तिला त्यांनी कधी पाहिले नव्हते, तरी खांद्याचा वाक अगदी तिचाच होता.

फक्त हत्ती चुकले होते. त्यांनी ते एकामागे एक, आडवे, मिरवणुकीत चालावेत तसे काढले होते. प्रत्यक्षात ते बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे आहेत. पाहणाऱ्याकडे पाहत, मस्तक पुढे काढून. त्यातल्या कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत. मी माझ्या पत्राचा कच्चा मजकूर उघडून पाहिला. तिथे एवढेच होते : ‘हत्तींची रांग आहे.’ बाईंनी रांग काढली होती. चूक त्यांच्या हाताची नव्हती, माझ्या शब्दांची होती.

मी पुन्हा वेरूळला गेले, हत्तींपुढे उभी राहिले, प्रत्येकाची मान, कान, पाय कुठे वळतात ते लिहून घेतले आणि दुसरे पत्र धाडले. त्याच महिन्यात मी बी.ए.च्या प्रवेशाचा अर्ज भरला.

मित्रहो, या पुस्तिकेत तुम्ही वर्णन, निवेदन, शैली यांविषयी पुष्कळ वाचाल. ते वाचावे. पण एखाद्या सुटीच्या दिवशी, तुमच्या गावाजवळ लांबून लांबून माणसे जे पाहायला येतात आणि तुम्ही ज्याच्यावरून रोज जाता, तिथे एकदा जाऊन या. नळदुर्ग असेल, लोणार असेल, पैठण असेल किंवा एखादी अनाम बारव. जमले तर घरातल्या अशा माणसाला सोबत न्या, ज्याने ते ठिकाण कधी पाहिलेले नाही. ते माणूस काय विचारते ते ऐका. परतल्यावर जो कधीच तिथे येऊ शकणार नाही अशा कुणाला तरी ते लिहून कळवा. आणि पाठवण्याआधी तपासून पाहा की, तुमच्या हत्तींची तोंडे कुणीकडे आहेत, ते त्यात लिहिले आहे ना.

ते चित्र माझ्या टेबलापुढे लावलेले आहे. दुसऱ्या पत्रानंतर बाईंनी ते सुधारून दुसरे पाठवले. दुसऱ्या चित्रातले हत्ती अगदी बरोबर आहेत. मी मात्र पहिलेच लावले आहे.